पन्नास हजारांचं कार्ड आणि न उघडलेली केबल



आज स्वयंपाकघराबाहेरचा विषय आहे. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा नातू आहे, त्यांनी जरूर वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण शेवटी गोष्ट पैशाची आहे.

२०२४ ची दिवाळी. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि दुपारी नातू माझ्या खोलीत येऊन दार लोटून बसला. तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, "आजी, पन्नास हजार देशील? नोकरी लागली की परत करीन. फक्त बाबांना सांगू नकोस."

मागची हकिगत अशी. सुट्टीत त्याने एका फोटोग्राफरकडे लग्नांचे व्हिडिओ एडिट केले आणि त्या पैशातून मोठा फोर-के मॉनिटर घेतला. वडील म्हणाले होते, जुना चांगला चाललाय, कशाला? याने हट्टाने घेतला. आणि आता त्यावर खेळ धड चालेना. चित्र अडखळायचं, आणि गाडी वळली की रस्त्यावरचा खांब मधोमध चिरल्यासारखा दिसायचा. दुकानदाराने सांगितलं, ग्राफिक्स कार्ड बदला. वडिलांना सांगायचं तर "मी म्हटलं नव्हतं?" ऐकावं लागणार.

माझ्या नावावर एक मुदत ठेव आहे, हे त्याला ठाऊक. द्यायला माझा हात आखडत नव्हता. पण त्याच्या वडिलांनाही विशीत मी असेच लपवून पैसे दिले होते. ते कुठे गेले ते इथे लिहीत नाही, पण आमचे 'हे' दोन महिने माझ्याशी नीट बोलले नव्हते. म्हणून म्हटलं, "देईन. पण मी बी.कॉम. आहे. आधी खर्च कुठे होतोय ते दाखव, मग नवीन भांडवल."

तो हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही-पेन घेऊन त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले.

आधी मला आकडे समजून घ्यायचे होते. जुन्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. नव्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोब्बर चौपट! कार्ड तेच, काम चौपट. चार माणसांच्या कुकरमध्ये सोळा माणसांचा भात लावल्यासारखं. मग अडखळेल नाही तर काय?

पण तो म्हणाला, "आजी, सरासरी साठ फ्रेम येतात गं, तरी अडखळतं." इथे माझं शिक्षण कामाला आलं. सरासरीने दिवाळं झाकता येतं, हे कॉमर्सवाल्यांना वेगळं सांगायला नको. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे प्रत्येकाला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळायला हवेत. पण ५९ चित्रं पंधरा-पंधरा मिलिसेकंदांत आली आणि साठावं ११५ घेऊन आलं, तरी बेरीज एक सेकंदच आणि सरासरी साठच. डोळ्याला मात्र ते साठावं चित्रच टोचतं. तेव्हा सरासरी बघायची नाही, प्रत्येक चित्राला लागलेला वेळ बघायचा.

आणि ते चिरणं? ते मला नातवाने समजावलं, पण उदाहरण माझं. मॉनिटर म्हणजे ठरल्या वेळाने फेरी मारणारी वाढपीण, आणि कार्ड म्हणजे चुलीपाशी पोळ्या करणारी. वाढपीण चित्र वरून खाली ओळीओळीने वाढत जाते. ती अर्ध्या पंगतीत असताना चुलीकडून दुसरंच ताट हातात आलं, की वरच्या अर्ध्या पंगतीला एक वाढलं जातं आणि खालच्या अर्धीला दुसरं. तोच तो चिरलेला खांब. 'व्ही-सिंक' लावलं की वाढपीण हातातली फेरी पूर्ण करेपर्यंत नवं ताट घेत नाही. चिरणं थांबतं, पण पोळीला जरा उशीर झाला तर ती फेरी हुकते, जुनंच चित्र पुन्हा दिसतं आणि खेळ आणखी अडखळतो. नव्या मॉनिटरमध्ये तिसरा मार्ग असतो: पोळी झाली की मगच वाढपिणीने निघायचं. त्यालाच जी-सिंक किंवा फ्रीसिंक म्हणतात. याच्या मॉनिटरमध्ये ती सोय होती, फक्त कोणी चालू केली नव्हती!

आमचा नियम एकच होता: एका वेळी एकच बदल, आणि लगेच वहीत नोंद. त्याच्या 'फोर्झा होरायझन ५' या खेळात चाचणीची एक ठरावीक फेरी आहे, तीच प्रत्येक वेळी चालवायची. (मेक्सिकोतले रस्ते आहेत, बघायला खरंच छान. मारामारीचे खेळ तो खेळत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर गाड्यांचाच लावतो. त्यावर आमचं बोलणं अजून व्हायचंय.)

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं तर मॉनिटर १४४ हर्ट्झचा, पण चालू ६० वर. वरचा आकडा यादीत दिसतच नव्हता. म्हटलं, कोणत्या वायरने जोडलायस? तर जुन्या टीव्हीची एचडीएमआय! नव्या मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल पिशवीसकट तशीच पडलेली. ती लावली, १४४ निवडलं, मॉनिटरच्या मेनूत आणि कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे ती सिंकची सोय चालू केली. खांब सरळ झाला. खर्च शून्य. नातवाचे कान मात्र लाल झाले.

अडखळणं अजून होतंच. मग डबा उघडला. आमच्याकडे मेट्रो ९ च्या कामापासून धूळ किती, हे मीरा रोडच्या मैत्रिणींना सांगायला नको. बंद करून, प्लग काढून, आत मुंग्या-कोळी नाहीत ना हे बॅटरीच्या उजेडात आधी पाहून घेतलं. मग बाल्कनीत नेऊन मऊ ब्रशने झाडलं. पंखे बोटाने धरून ठेवायचे, नुसते गरगर फिरू द्यायचे नाहीत. आधी ८६ अंशांपर्यंत तापणारं कार्ड ७५ वर आलं. गरम झालं की ते आपला वेग आपणच कमी करतं, त्यामुळे याचाही फरक पडला.

खरा चोर टास्क मॅनेजरमध्ये सापडला. खेळ चालू असताना मेमरी ९४ टक्के भरलेली! आठ जीबीची एकच पट्टी, आणि मागे ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या. जागा संपली की सामान डिस्कवर टाकायचं आणि परत आणायचं, त्यात तो ११५ मिलिसेकंदांचा हिशेब जातो. शिवाय दोन पट्ट्या असल्या की ये-जा दोन वाटांनी होते. आम्ही दोघं लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो आणि तशीच दुसरी पट्टी आणली, दोन हजारांच्या आत. सूर्यास्ताआधी जेवायला घरी पोचायचं म्हणून मी घासाघीस कमी केली.

कार्डाची स्वतःची मेमरीही आठ जीबीच आहे, फोर-केला ती अपुरी पडते. म्हणून टेक्स्चर एक पायरी खाली आणलं आणि डीएलएसएस चालू केलं. त्यात चित्र आतून लहान आकारात तयार होतं आणि मग मोठं केलं जातं. मला फरक दिसला नाही. त्याला झाडांच्या पानांत दिसतो म्हणे.

एका जागी, मोठ्या शहरात शिरताना, अजूनही क्षणभर अडखळतं. वहीत ती ओळ तशीच मोकळी आहे.

रविवारी मुलगा सहज खोलीत डोकावला. नातवाने कंट्रोलर पुढे केला आणि त्याने पहिल्याच वळणावर गाडी पाण्यात घातली. दोघं बराच वेळ हसत होते. मी पोळ्या करायला निघून गेले.

हा लेख टाकण्याआधी नातवाला विचारलं, पन्नास हजारांचं लिहू का, बाबा वाचतील. म्हणाला, "लिही ना. त्यांना मी त्याच रविवारी सांगितलं."