आजीनें ऐकलेला समुद्र

आमचें नागपूर देशाच्या मध्यभागीं वसलेलें आहे. सदरांतून थोडें चाललें कीं शून्य मैलाचा दगड लागतो. पश्चिमेस फुटाळ्याचा व अंबाझरीचा तलाव आहे. पण समुद्र गांठावयाचा तर कोणत्याही दिशेस शेंकडों मैल जावें लागतें. त्यामुळें आमच्या आजीनें वयाचीं शहात्तर वर्षें समुद्राविना काढलीं, यांत नवल नाहीं. पुढें काचबिंदूनें तिची दृष्टि इतकी मंदावली कीं, जवळ आलेलें माणूसही तिला सांवलीसारखें दिसूं लागलें. "आतां समुद्रावर जाऊन काय करणार?" असें कोणीसें म्हणालें, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, "बघणं गेलं. ऐकणं अजून आहे ना?"

या एका वाक्यानें वडिलांचा निश्चय झाला व नाताळच्या सुटींत आम्ही सर्व मालवणाकडे निघालों. कुडाळ स्थानकावर उतरून देवबागेस मुक्कामीं पोहोंचेपर्यंत आम्हां भावंडांच्या तोंडीं दुसरा विषय नव्हता. कुरटे बेटावरील ज्या सिंधुदुर्गाची पायाभरणी शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं केली, तो आजवर आम्ही पुस्तकांतच पाहिला होता. तो प्रत्यक्ष दृष्टीस पडतांच आमचा आनंद गगनांत मावेना.

परंतु सिंधुदुर्ग हा १९९७ सालीं देशांतील पहिला पर्यटन जिल्हा ठरलेला. नाताळांत तेथें केवढी गर्दी लोटते, याची आम्हांस कल्पना नव्हती. जवळच्या तारकर्लीच्या वाळूवर बसावयास जागा मिळेना. पाण्यावर यंत्रनौका घरघरत होत्या, किनाऱ्यावर कर्ण्यांतून गाणीं वाजत होतीं, आणि त्या गोंगाटांत प्रत्येक जण ओरडूनच बोलत होता. आजी बराच वेळ कान देऊन बसली. शेवटीं तिनें विचारलें, "समुद्र अजून किती लांब आहे रे?" लाटा तिच्यापासून पन्नास पावलांवर फुटत होत्या. आम्हांस उत्तर सुचेना.

"बेटावर तरी शांतता असेल," असा विचार करून दुसऱ्या दिवशीं कर्ली नदीच्या मुखाजवळील सुनामी बेटावर गेलों. तें बेट म्हणजे भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाणारा वाळूचा पट्टा. पण तेथें तर जत्राच भरली होती. आजीनें दोन्ही हात कानांवर ठेवले, तेव्हां वडिलांनीं होडी परत फिरवावयास सांगितलें.

आम्हांस परत आणणाऱ्या होडीवाल्या काकांनीं हें सर्व पाहिलें होतें. तिसऱ्या दिवशीं पहाटे ते स्वतःच बोलवावयास आले. देवबाग म्हणजे एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी अशी भूमीची चिंचोळी पट्टी. तिचें टोक ओलांडून, नदीचें मुख पार करून त्यांनीं आम्हांस पैलतीरीं भोगव्याच्या किनाऱ्यावर उतरविलें. किती दूर म्हणावें? कालच्या जत्रेपासून हांकेच्या अंतरावर! मागें हिरवी टेकडी, पुढें लांबच लांब वाळू, आणि दूर रापणीचे दोर ओढणारे कांहीं कोळी. तो किनारा निर्जन नव्हता. तेथें माणसें आपल्या कामांत होतीं, एवढेंच.

तें पाहून आम्ही काय केलें? सांगावयास लाज वाटते. आम्ही आरोळ्या ठोकीत धांवत सुटलों व धाकट्यानें खिशांतील यंत्रावर गाणें लावलें. काकांनीं हातानेंच थांबविलें व म्हटलें, "वाईच गप रवा, मगे दर्या आयकाक येतलो."

आम्ही ओशाळून आजीपाशीं बसलों. प्रथम कांहींच वेगळें वाटलें नाहीं. मग आजी बोलूं लागली. लाट उठतांना एक आवाज, फुटतांना दुसरा, आणि परततांना वाळूंतून पाणी झिरपतें त्याचा तिसरा. "जात्यावर दळण सरत आलं की असाच आवाज येतो," ती म्हणाली. आम्हां डोळसांस त्या क्षणापर्यंत हे तीन आवाज निराळे आहेत, हें ठाऊकच नव्हतें.

काकांनीं आम्हांस आणखीही सांगितलें. दक्षिणेस निवतीसमोर भर समुद्रांत वेंगुर्ल्याचे खडक आहेत व त्यांवर दीपगृह आहे. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेनें पिसें चिकटवून घरटीं बांधतात. याच किनारपट्टीवर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवें रात्रीं अंडीं घालावयास वर येतात, आणि उजेड वा गलबला झाला तर अंडीं न घालतांच माघारीं वळतात. आम्ही त्या खडकांवर नेण्याचा हट्ट धरला, पण आजी म्हणाली, "बोलावणं आल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊं नये."

तारकर्लीच्या गर्दीस आम्ही दोष देत नाहीं. त्या गर्दीवर तेथील पुष्कळ घरांची चूल पेटते, आणि त्या गर्दींत आम्हीही होतोंच. परंतु जो गोंगाट आम्ही मागें टाकून आलों असें समजत होतों, तो आमच्याच बरोबर होडींत बसून पैलतीरीं उतरला होता. शांत किनारा शोधणाऱ्यानें प्रथम आपलें तोंड मिटावें, एरव्ही पुढच्या वर्षीं त्यास आणखी एक खाडी ओलांडावी लागेल.

वाचक मित्रहो, तुम्हांपैकीं कोणी भोगव्यास गेलांत तर अवश्य बसा, ऐका, आणि जसा होता तसा तो किनारा मागें ठेवून या. आजी आतां कधीं कधीं पहाटे फुटाळ्यावर नेण्यास सांगते. तेथें लाटा नाहींत, हें तिला ठाऊक आहे. पण रहदारी सुरू होण्यापूर्वीं कांठावर पाणी हलकेंच आपटतें, तें ती आम्हांस ऐकविते. आणि आम्ही, न सांगतां, गप्प बसतों.