न खणलेल्या विहिरी

झेलम नदीच्या काठी, कडाक्याच्या थंडीत, एका तरुण मुलीनं आणि तिच्या भावानं वाळूत दोन खड्डे खणले. त्यांत आडवं होऊन गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि तशी रात्र काढली, कारण अंगावर घ्यायला त्यांच्याकडे पुरेसं काही नव्हतं. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीनं आधीच गेली होती. त्याआधी सगळ्या घरानं रानातला पाला खाऊन आणि पाणी पिऊन दिवस काढले होते. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. पुढं १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि कुठंही गळा न काढता सांगितलं.

डिसेंबरात नगरकडे थंडी पडते आणि मी रात्री गोधडी अंगावर घेते, तेव्हा ही वाळू मला पुष्कळदा आठवते. पण ती आठवण ताडून पाहण्यासाठी नाही. ‘बघ, त्यांना वाळू होती, तुला गोधडी आहे’ असं स्वतःला बजावून जे समाधान मिळतं, त्याची मला भीतीच वाटते. लूकच्या शुभवर्तमानात दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. त्यातला परूशी देवाचे आभार मानतो, की मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा तर नाहीच. तीही आभाराचीच प्रार्थना होती. आणि येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा, दूर उभा राहून ऊर बडवणारा. दुसऱ्याच्या उघड्या अंगावर आपल्या पांघरुणाची ऊब मोजायची, ही कृतज्ञता नव्हे. ख्रिस्ती माणसानं तर अशी मोजणी मुळीच करू नये.

मग कृतज्ञ व्हायचं कसं? मला याचं उत्तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सापडलं. इस्राएल लोक वचनदत्त देशाच्या उंबरठ्यावर उभे आहेत आणि मोशे त्यांना पुढचं सांगतो आहे. तुम्ही न बांधलेली नगरं तुम्हाला मिळतील, तुम्ही न भरता भरलेली घरं मिळतील, न खणलेल्या विहिरी मिळतील, न लावलेले द्राक्षमळे आणि जैतुनाची झाडं मिळतील. पोटभर खाल, आणि मग सांभाळा, देवाला विसरू नका. चाळीस वर्षं रानातून चालून आलेल्या लोकांना हा इशारा आहे, आणि तो उपाशी पोटासाठी नाही, भरल्या पोटासाठी आहे. भुकेला देव आठवतोच. घरात नळ आला की विसर पडतो. प्रेषित पौलही फिलिप्पैच्या मंडळीला कैदेतून लिहितो, की टंचाईत कसं राहावं हे जसं मी शिकलो तसं विपुलतेत कसं राहावं हेही शिकलो. विपुलताही शिकावी लागते, हे तो बेड्यांत असताना लिहितो! आजच्या आपल्या घरांत हा धडा कुणी घालून देत नाही. मुलांना टंचाई सोसायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. भरलेल्या हंड्यासमोर कसं उभं राहावं हे शिकवणारं माणूस क्वचित भेटतं.

मला ते आमच्या आईनं शिकवलं. तिची जेवणाची प्रार्थना लांबायची. आम्ही भावंडं भुकेनं कळवळलेली, ताटात गरम भाकरी, वर पिठल्याची वाफ, आणि आई डोळे मिटून एकेकाचं नाव घेत असायची. ज्यानं ही बाजरी पेरली त्याच्यासाठी. दळण दळून देणाऱ्या गिरणीवाल्या काकांसाठी, आज वीज होती म्हणून गिरणी चालली त्यासाठी. रॉकेलच्या रांगेत तिला पुढं जाऊ देणाऱ्या बाईसाठी, जिचं नाव तिनं मुद्दाम विचारून ठेवलं होतं. भाकरीपासून सुरू झालेली प्रार्थना अशी एकेका हातापाशी थांबत मागं मागं जायची, आणि शेवटी देवापाशी पोचायची. आईला त्यात काही विशेष वाटत नसे. तिला वाटे, देवानं दिलं म्हणायचं तर ते कुणाच्या हातून दिलं हेही सांगायला नको का?

त्या प्रार्थनेनं माझ्या डोळ्यांना एक सवय लावली. नगरला पाणी मुळा धरणातून येतं. नळ सोडला की धार पडते, तेवढंच आपल्याला दिसतं. पण त्या धारेमागं बारागाव नांदूरची भिंत आहे, ती बांधताना दगडमातीत राबलेली माणसं आहेत, पाण्याखाली जमीन गेलेली कुटुंबं आहेत, पंपावर रात्रपाळी करणारा कामगार आहे, आणि पहाटे गल्लीच्या तोंडाशी वाकून लोखंडी चावी फिरवणारा व्हॉल्व्हमन आहे. ही सगळी माझ्यासाठी खणलेली विहीर. मी तिच्यातली एक पाटी मातीसुद्धा उचललेली नाही. हे एकदा डोळ्यांपुढं आलं की नळ थेंबथेंब गळत ठेवता येत नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूनं उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. नुकतीच पाच भाकरींची हजारो माणसांना पुरून उरेल एवढी भाकर करणारा प्रभू तुकडे वाया जाऊ देत नाही, ही गोष्ट मला त्या चमत्काराइतकीच थोर वाटते.

रमाबाईंकडे पुन्हा वळते, कारण ज्यांना वाळूत झोपावं लागलं त्यांनी पुढं काय केलं, हे महत्त्वाचं आहे. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला (आमच्या नगरचं केडगाव नव्हे) त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणवल्या, फळबाग लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात आणखी आल्या, मुलींची संख्या हजाराच्या पुढं गेली. मुक्ती मिशन असं उभं राहिलं. त्या मुलींच्या दृष्टीनं केडगावच्या विहिरी या न खणलेल्या विहिरीच होत्या. कुणीतरी त्या आधी खणून ठेवल्या होत्या. जिला पोटात पाला घालून जगावं लागलं, तिनं दुसऱ्याच्या ताटात भाकर वाढण्यात आयुष्य घालवलं. माझ्या लेखी उपकारस्तुतीचं याहून मोठं उदाहरण मराठी मुलखात नाही.

आमच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत पीक घरात आलं की उपकारस्तुतीची उपासना होते. वेदीपुढं उसाची मोळी, बाजरीची कणसं, भोपळे, पपया, पाय बांधलेली गावरान कोंबडी, टोपलीत अंडी, असा ढीग लागतो. उपासना संपली की पाळकसाहेबांच्या देखत या सगळ्याचा लिलाव होतो. ज्यानं भोपळा आणला तोच चढती बोली बोलून आपला भोपळा परत घेतो, आणि सगळे हसतात. बाजारात त्याच भोपळ्याला कुणी निम्मा भाव दिला नसता. मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीनं देवळात नेऊन त्यांच्यावर आशीर्वाद मागतात. कितीतरी ठिकाणची खाचरं इमारतींखाली गेली, तरी लोंब्या येतात. मला या दोन्ही सणांत एकच गोष्ट फार भावते. माणूस आपल्या शेतातलं पीक, ज्यासाठी तो खरंच घाम गाळून राबलेला असतो, तेही हातात धरून ‘हे मला मिळालं’ म्हणतो.

दुःखाच्या दिवसांत हे जमतं का, असं मला विचारलं जातं, आणि मी सोपं उत्तर देत नाही. जर्मनीतल्या आइलेनबुर्गचा पाळक मार्टिन रिंकार्ट याची गोष्ट मात्र सांगते. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, गावाच्या तटाआड निर्वासितांची गर्दी झाली होती. १६३७ च्या साथीत त्यानं चार हजारांहून जास्त माणसांना मूठमाती दिली, त्यांत त्याची बायकोही होती. उपकारस्तुतीचं एक गीत आज जगभरच्या मंडळ्यांत गायलं जातं, ते या माणसाचं. मूळची ती जेवणाच्या वेळची छोटी प्रार्थना, त्यानं आपल्या मुलांसाठी लिहिलेली, असं मानलं जातं. युद्ध आणि मृत्यू दाराशी असताना एक बाप पोरांना ताटापुढं हात जोडायला शिकवतो. त्या ताटात काय असेल? फार नसेलच. आभार मानण्यासाठी ताट भरलेलंच हवं, अशी अट त्यानं घातली नाही, आणि शोक करायचा नाही असंही कुणाला सांगितलं नाही.

वाचकहो, तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, एवढं करा. तुमच्या गल्लीत पहाटे पाणी सोडायला कोण येतं, त्याचं नाव विचारून घ्या. आणि आज रात्री जेवायला बसाल तेव्हा ते नाव मोठ्यानं घ्या, घरातल्या मुलांना ऐकू जाईल असं.