जबड्याचं मेकॅनिक्स

मेकॅनिक्सच्या तासाला पिन जॉइंट शिकताना मला सिद्धार्थ उद्यानात जांभई देताना पाहिलेला वाघ आठवला. हसू नका राव, वाघाचा जबडा म्हणजे चक्क बिजागरी! सांधा दातांच्याच पातळीवर, आडवा दंडगोल खोबणीत घट्ट बसलेला. हालचाल वर-खाली, बाजूला जवळजवळ नाहीच. सावजाने कितीही झटापट केली तरी जबडा सहसा निखळत नाही. सुळे पुढे, पकडायला. मांस कापणाऱ्या दाढा मागे, सांध्याजवळ, कारण तिथे जोर जास्त. मोमेंट घेऊन बघा. मेसची चपाती आपणही दाढेखालीच धरतो ना!

नीलगायीचं सगळं उलटं. सांधा दातांच्या बराच वर आणि सैल, त्यामुळे जबडा जात्यासारखा आडवा फिरतो. डोळे कवटीच्या दोन्ही बाजूंना. चरतानाही मागचं दिसतं. वाघाचे समोर, झेपेचं अंतर मोजायला.

मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत आपल्या गौताळ्यात पोचला. तिथे कित्येक दशकं वाघ नव्हता. नीलगायींना बिबट्या माहीत, वाघ नाही. त्या बाजूच्या डोळ्यांना तो दिसला असेलच. पण त्या पळाल्या, की नुसत्या बघत उभ्या राहिल्या?