इंद्र भवनाच्या फाटकाशी

पलासियातला आमचा रविवार छप्पन दुकानवर पोहे-जलेबीने सुरू होतो. गेल्या रविवारी खाऊन झाल्यावर सहा वर्षांच्या लेकीला घेऊन तुकोगंजकडे पायीच निघालो. इंद्र भवनाच्या फाटकाशी ती थांबली. "बाबा, इथे इंग्रज राहायचे का?"

ते युरोपीय धाटणीचे खांब पाहून लहानपणी मलाही तसंच वाटायचं. पण ही कोठी सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) यांची. अफू आणि कापसाच्या सट्ट्यात त्यांनी अफाट कमावलं, मग इंदूरला कापडाची आणि कलकत्त्याजवळ तागाची गिरणी काढली. इतवारिया बाजारातलं काच मंदिरही त्यांचंच. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे हमखास नेतो. इंद्र भवन मात्र गाडीतून दाखवतो, तेही आठवलं तर!

अशा घरांकडे मी नीट पाहायला लागलो ते नागासाकीत. कंपनीच्या कामाने जपानला गेलो होतो, तेव्हा ग्लोव्हर नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचं घर पाहिलं. १८६३ सालचं, जपानमधलं पाश्चात्त्य धाटणीचं सर्वांत जुनं लाकडी घर. मालक परदेशी, पण बांधणारे जपानी सुतार. त्यामुळे व्हरांडा साहेबी आणि छपरावर कौलं जपानी. १८७० मध्ये ग्लोव्हरचं दिवाळं निघालं, घर मात्र टिकलं. २०१५ पासून त्याची गणना जागतिक वारशात होते. तिकीट काढून कोणीही त्या व्हरांड्यात उभं राहून खाली बंदर पाहू शकतं.

तिथे परक्या माणसाने आपली धाटणी सोबत आणली. इथे आपल्याच सेठजींनी ती हौसेने मागवली. पुढे यशवंतराव होळकरांनी तर माणिकबागेसाठी थेट जर्मन वास्तुकार गाठला. इंदूरची हौस म्हणजे हौस!

"आत जाऊया ना," लेक म्हणाली. खासगी कोठी, तिला काय सांगणार? फाटकाबाहेरून फोटो काढला आणि परतलो.

घरी आईला फोटो दाखवला. तिने कोठीकडे धड पाहिलंही नाही. "हुकुमचंद मिलचा भोंगा झाला की तुझी आजी कुकर चढवायची," एवढंच म्हणाली. ती मिल १९९२ साली बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटी रुपयांचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी जण राहिलेच नव्हते.

लेकीने मध्येच विचारलं, "आजी, भोंगा म्हणजे काय?"

आईने कुकरची शिट्टी होईपर्यंत तिला थांबायला सांगितलं.