एका शब्दाचा शेरा

आमची सून पुण्यास एका कंपनींत मनुष्यबळ विभागांत नोकरीस आहे. दिवाळीस ती वाशीमला आली, तेव्हां ‘तुझें नेमकें काम तरी काय?’ असें मीं तिला विचारलें. माणसें निवडावयाचीं, त्यांस शिकवावयाचें, पगार व बढती पाहावयाची, इतकें सांगून ती म्हणाली, “मामंजी, कोणी नोकरी सोडून निघाला कीं आम्ही त्याला बोलावून कारण विचारतों. तेंच आधीं विचारलें असतें, तर पुष्कळजण गेलेच नसते.”

यांत नवें तें काय, असें मीं लगेच बोलून दाखविलें. (जुन्या मास्तराची खोड!) कौटिल्यानें अर्थशास्त्रांत ‘भृत्यभरणीय’ हें सबंध प्रकरण याच विषयास दिलें आहे. मंत्र्याच्या ४८,००० पणांपासून तळच्या सेवकाच्या ६० पणांपर्यंत वेतनें तेथें नेमून दिलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर कामावर असतां जो मरेल त्याच्या बायकामुलांचा निर्वाह राजानें चालवावा, असेंही सांगितलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हां शिक्षा झालेल्या दरोडेखोरांवरच त्यांनीं पहारा सोपविला!

“आणि तुम्ही मुख्याध्यापक असतांना काय करीत होतां?” सुनेनें सहज विचारलें.

मी गप्प झालों. एका खेड्यांतील शाळेंत माझ्या हाताखालीं एक तरुण शिक्षक होता. गणित उत्तम शिकवी, पण रोज अर्धा तास उशिरा येई. हजेरीपत्रकावर मीं तांबड्या शाईनें खुणा करीत गेलों, आणि वर्षअखेर गोपनीय अहवालांत एकच शब्द लिहिला, ‘साधारण’. असला शेरा बढतीच्या वेळीं आडवा येतो, हें मला पुरतें ठाऊक होतें. पुढें त्याची आई वारली व मी समाचारास गेलों, तेव्हां शेजाऱ्यांकडून कळलें कीं ती तीन वर्षें अंथरुणास खिळून होती. घरांत दुसरें माणूस नव्हतें. तिला न्हाऊं-जेवूं घालून तो तीन कोस सायकल मारीत येत असे. त्याचा पहिला तास दुसरा केला असता तरी भागलें असतें, आणि वेळापत्रक माझ्याच हातीं होतें. उशीर कां होतो, एवढें मीं त्याला कधीं विचारलें नव्हतें.

हें सारें मीं सुनेस सांगितलें. तिनें मध्यें एक शब्दही काढला नाहीं. शेवटीं म्हणाली, “ते सर आतां कोठें असतात?”

कारंज्यास असतात. मंगरूळपीरवरून बस जाते. अद्याप माझें जाणें झालेलें नाहीं.