पत्र्याची पट्टी

जुन्या संगणकाची पाठ ज्यांनीं निरखून पाहिली असेल, त्यांना तेथें उभ्या लोखंडी पट्ट्यांची एक रांग आठवत असेल. कांहींना केबल जोडण्याचीं तोंडें असतात, कांहीं अगदीं कोऱ्या असतात. ह्यांना 'ब्रॅकेट' म्हणतात. पुष्कळ लोक त्यांना कॅबिनेटचाच भाग समजतात. वस्तुतः आंत उभ्या असलेल्या एकेका कार्डाची ती पाठ होय. श्लोकांत मात्रा भरून काढण्यासाठीं कवि जसे 'च', 'वै', 'हि' घालतो, तशी ही पट्टी केवळ रिकामी जागा झांकण्यास घातली असावी, असें दिसणाऱ्याला वाटतें. म्हणूनच यंत्र खोलणारा मनुष्य ती प्रथम काढून टाकतो, आणि एकदां टाकलेली ती पुन्हां सहसा मिळत नाहीं.

उतारवयांत मीं ह्या लोहारकामांत कां पडावें, हें सांगितलें पाहिजे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढें पाठशाळेंत कौमुदी व काव्यें, आणि मग सारा जन्म मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत गेला. यंत्रांचा नाद होता तो आमच्या थोरल्या बंधूंना. दादांनीं १९९१ सालीं एक्सटी जातीचा संगणक घेतला व त्यांत सी-डॅकचें 'जिस्ट' कार्ड बसविलें. हल्लींच्या पिढीस हें कार्ड ठाऊक नसेल. त्याचें मूळ संशोधन कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें झालें, १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक स्थापन झाल्यावर तें काम इकडे आलें. डॉसच्या त्या काळांत इंग्रजीवांचून दुसरी लिपि पडद्यावर आणणें दुर्घट होतें. हें कार्ड खांचेंत बसविलें कीं तोच संगणक देवनागरी लिहूं लागे. अक्षरांचे संकेत ठरवून देणारें 'इस्की' हें भारतीय मानकहि १९९१ सालचेंच.

आमच्या मातोश्रींना जात्यावरच्या ओव्या व मंगळागौरीचीं गाणीं शेंकड्यांनीं पाठ होतीं. त्या १९९६ सालीं वारल्या. त्याआधींचीं तीन वर्षें दादा रोज दुपारीं त्यांच्यापाशीं बसून ओव्या उतरून घेत आणि रात्रीं संगणकांत घालीत. वह्या पुढें वाळवीनें खाल्ल्या, फ्लॉप्यांना बुरशी लागली, आणि २००७ सालीं दादाहि गेले. उरली ती त्या यंत्रांतली वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क.

ही डिस्क आजच्या संगणकास नुसती केबल लावून जोडतां येत नाहीं. एम. एफ. एम. जातीच्या ह्या डिस्कमध्यें स्वतःची बुद्धि फारशी नसते. ती असते शेजारच्या कंट्रोलर कार्डांत. एका कार्डानें आंखलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डास पुष्कळदां वाचतांच येत नाहीं. म्हणजे डिस्क आणि तिचें तें जुनें कार्ड हीं दोन्हीं एकत्र टिकलीं, तरच आईच्या ओव्या टिकल्या!

मध्यंतरीं यंत्र साफसफाईसाठीं एका दुकानांत दिलें होतें. तेथून परत आलें तें दोन पट्ट्या गमावून. एक ह्याच कंट्रोलर कार्डाची, आणि दुसरी, ज्यास छापण्याचें यंत्र व सिरिअल केबल जोडतात त्या कार्डाची. जिस्ट कार्डाची पट्टी तेवढी सुदैवानें जागच्या जागीं होती. सुटीवर आलेला पुतण्या यंत्र सुरू करावयास निघाला, तेव्हां मीं त्याचा हात धरला.

"काका, कार्ड खांचेंत घट्ट बसलेलें आहे. पट्टी नसली म्हणून काय बिघडतें?" तो म्हणाला.

तूप पात्राच्या आधारानें राहतें कीं पात्र तुपाच्या, असा नैयायिकांचा एक जुना थट्टेचा प्रश्न आहे. येथें तो थट्टेचा राहत नाहीं. कार्ड आपल्या खालच्या कडेवर उभें असतें. त्या कडेला दोहों बाजूंस एकतीस-एकतीस मिळून बासष्ट सोनेरी स्पर्शपट्ट्या असतात, आणि खांचेंतल्या चिमुकल्या स्प्रिंगा त्यांना धरून ठेवतात. ह्या स्प्रिंगा वीज पोंचविण्यासाठीं केलेल्या आहेत, ओझें पेलण्यासाठीं नव्हेत. त्यांतून आमच्या कंट्रोलर कार्डास चौंतीस तारांची व वीस तारांची अशा दोन चपट्या केबली जोडलेल्या. त्या त्यास सदैव एका अंगास ओढीत असतात. कार्ड केंसभर कललें व एखादा स्पर्श सुटला, आणि नेमकी त्याच क्षणीं डिस्कवर कांहीं लिहिलें जात असलें, तर काय होईल हें सांगवत नाहीं. पूर्ण लांबीच्या कार्डास पुढच्या टोंकालाहि कॅबिनेटमध्यें आधार मिळतो. आंखूड कार्डास मागची पट्टी हाच काय तो एक आधार. तिची खालची निमुळती जीभ कॅबिनेटच्या फटींत शिरते, वरचा काटकोनांत वळविलेला ओंठ एका स्क्रूनें आवळला जातो, आणि कार्ड मान ताठ करून उभें राहतें. शिवाय ह्याच पट्टीवाटे कार्डाचा कॅबिनेटशीं अर्थिंगचा संबंध जुळतो, पंख्याची हवा भलत्या भोंकांतून न जातां ठरल्या वाटेनें जाते, आणि आपल्याकडे झुरळें आंत संसार थाटीत नाहींत, हाहि लाभ कांहीं थोडा नव्हे.

पुतण्यास हें पटलें. नातवानें मात्र तोडगा सुचविला, "आजोबा, मी थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकची छापून आणतों." आणलीहि, आणि मापानें ती सुरेख होती. पण प्लास्टिकांतून अर्थिंग मिळत नाहीं, आणि जड केबल ओढली कीं ती वांकते. ती मीं रिकाम्या खांचेवर झांकण म्हणून बसविली. तेथें ती शोभते.

मग शोध सुरू झाला. तपकीर गल्लींतल्या एका दुकानदारानें मोठ्या विश्वासानें नव्या जातीच्या, म्हणजे पीसीआय कार्डाची पट्टी काढून दिली. बाहेरून पाहतां दोन्हीं जुळीं भावंडें. पण १९९२ सालच्या ह्या पीसीआय पद्धतींत कार्डावरील भाग जुन्या कार्डाच्या उलट अंगास बसविलेले असतात, आणि त्यामुळें पट्टीचे कानहि उलट बाजूस येतात. जुन्या कार्डास ती लावली तर कार्ड खांचेवर येतच नाहीं. शेवटीं रविवारच्या जुन्या बाजारांत एक मोडकें कॅबिनेट मिळालें. त्याच्या रिकाम्या खांचांवरील कोऱ्या झांकणपट्ट्या शाबूत होत्या. बारा सेंटिमीटर उंचीची, दोन सेंटिमीटरांहून थोडी अरुंद, खालीं जीभ व वर ओंठ असलेली ही पट्टी हाच आमचा कच्चा माल.

कोऱ्या पट्टीस कार्ड धरण्याचे कान नसतात. ते मीं पितळेच्या पट्टींतून काटकोनी वळवून केले. येथें पट्टीवर माप घेऊन भोकें पाडावीं असा मोह होतो, तो टाळावा. यंत्राची वीज काढून, नुसतें बटण बंद करून नव्हे तर प्लग उपटून, कार्ड खांचेंत पुरतें दाबावें. पट्टी आपल्या जागीं स्क्रूनें आवळावी. आणि मग कार्डाचीं भोंकें कानावर जेथें दिसतील तेथें टोंचणीनें खूण करावी. कारण येथें खरें माप फूटपट्टीचें नसून त्या यंत्राचें असतें. प्रथम मीं हें सारें एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर करून पाहिलें. पत्रिका कोणाची होती तें सांगत नाहीं.

सिरिअल कार्डाच्या पट्टीनें बरेच दिवस खाल्ले. तीस नऊ सुयांचें एक आणि पंचवीस सुयांचें एक अशीं दोन तोंडें हवींत. नवाच्या तोंडाच्या दोन स्क्रूंमधील अंतर २५ मिलिमीटर, पंचविसाच्या ४७. मधला आकार इंग्रजी 'डी'सारखा. आंतल्या बाजूनें बारीक भोकांची माळ पाडावी, ती जोडून मधला तुकडा काढावा, आणि उरलेलें काम कानशीवर सोपवावें. घाई केली कीं पत्रा वांकतो. कडेला राहिलेली कूस बोटानें चांचपून पुरती काढावी. तिचा एक कण जरी मदरबोर्डावर पडला तरी दोन वाटा एक होतात. कापलेल्या कडेला पावसाळ्यांत गंज चढतो, म्हणून तेथें लाखेचा हात द्यावा, पण पट्टी कॅबिनेटला टेंकते ती जागा सोडून. नाहीं तर अर्थिंगच तुटतें.

स्क्रूंची कथा निराळीच. हीं यंत्रें अमेरिकेंत जन्मलेलीं, त्यामुळें त्यांचे आटे इंचांतले. तोंडाजवळचा स्क्रू 'चार-चाळीस' जातीचा, म्हणजे इंचास चाळीस आटे, जाडी २.८४ मिलिमीटर. आपल्याकडे मिळतो तो तीन मिलिमीटरचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आट्याचा. दोन फेरे तो आनंदानें जातो आणि मग अडून बसतो; तेव्हां जोर केला तर दोघांचेहि आटे जातात. कॅबिनेटचा स्क्रू 'सहा-बत्तीस'चा. हे दोन प्रकार मीं दोन निरनिराळ्या डब्यांत ठेवले आहेत, व त्यांवर देवनागरींत चिठ्ठ्या लावल्या आहेत.

आतां बसविण्याचा क्रम. पट्टी कार्डास लावावी, पण स्क्रू ढिले ठेवावे. कार्ड खांचेंत सरळ दाबावें. मग वरच्या ओंठाचा स्क्रू हलकेंच आवळावा आणि कार्डाच्या दुसऱ्या टोंकाकडे पाहावें. पट्टी किंचित् जरी उंच-सखल असली तरी स्क्रू आवळतांना तें टोंक खांचेंतून वर उचललें जातें, आणि सोनेरी पट्ट्यांची रेघ एकीकडे जाड दिसूं लागते. ती रेघ सारखी दिसली तरच कानाचे स्क्रू पुरते आवळावे. आमच्या कंट्रोलर कार्डाची रेघ तीन वेळां वांकडी आली. चौथ्या वेळीं कानाचें भोंक कानशीनें जरासें लांबट केलें, आणि ती सरळ झाली. कान कार्डावरील तांब्याच्या रेघेस लागूं नये म्हणून एके ठिकाणीं फायबरची चकतीहि घालावी लागली.

त्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्यानें बटण दाबलें. डिस्क आधीं कण्हली, मग तिचा तो ओळखीचा चढता स्वर लागला. वहिनी स्वयंपाकघरांतून हात पुशीत बाहेर आल्या. पडद्यावर दादांनीं ठेवलेल्या फायलींचीं नांवें उमटलीं. पुतण्यानें सिरिअल केबल नव्या संगणकास जोडली; ती चांगली जड, पण नव्या पट्टीनें ती हूं कीं चूं न करितां पेलली. ओव्यांच्या फायली साऱ्या मिळून एकशें वीस किलोबाइट भरल्या. ९६०० च्या वेगानें सेकंदास सुमारें ९६० अक्षरें जातात. दोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळांत तीन वर्षांच्या दुपारी पलीकडे पोंचल्या. मग इस्कीचें युनिकोडांत रूपांतर करण्याचें काम पुतण्यानें रात्रीं जागून पुरें केलें.

छापील प्रत हातीं येतांच वहिनींनीं चष्मा लावला आणि पेन्सिल मागितली. सासूबाई ही ओवी अशी म्हणत नसत, येथें दादांनीं शब्द बदलला आहे, ही तर मुळीं त्यांची नव्हे, शेजारच्या काकूंची, असें करीत चवदा ठिकाणीं खुणा झाल्या. त्या दुरुस्त्या नव्या संगणकांत घालाव्या असें पुतण्याचें म्हणणें. आधीं दादांच्या यंत्रांत घालाव्या असें वहिनींचें. ह्यावर घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.