रात्री दोन ते आठ

१६ जुलै २००७, सोमवार. सातारा

ब्रॉडबँडचा मोडेम एकदाचा आला. खोक्यात मोडेम, अडॅप्टर, पिवळी लॅन केबल, फोनच्या आखूड वायरी, एक सीडी आणि बोलणं व नेट वेगळं करणारा काडेपेटीएवढा स्प्लिटर. योजना पाचशे रुपयांची: महिन्याला अडीच जीबी, शिवाय रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, मोजणी नाही. ‘त्या वेळी जागं कोण असतं? चोर आणि काकड्याचे लोक,’ इति सौ. पण मला तेच सहा तास हवे आहेत. इतिहासकार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर आहेत. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या दशलक्ष पुस्तकांच्या प्रकल्पातलं हे काम. तिथे प्रत्येक पान म्हणजे टिफ प्रकारची स्वतंत्र चित्रफाइल. डायल-अपवर चार पानं उतरवायची तर फोन अडकून पडायचा, आणि कॉलचे पैसे वेगळे.

१७ जुलै, मंगळवार

संध्याकाळी भाचा आला. सीडीला हातही लावला नाही. लॅन कार्डाला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, की मोडेमचं स्वतःचं पान उघडलं. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. तो आधी बदलायला लावला. मग कंपनीने ठरवलेले जोडणीचे आकडे: व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५. हे दोन आकडे चुकले तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

मग वाद. नाव-पासवर्ड मोडेममध्येच भरून ठेवला तर मोडेम आपला आपण जोडणी करतो, संगणक लावला की नेट हजर. भाच्याला तेच हवं होतं. मी ब्रिज मोड ठेवायला सांगितलं. म्हणजे जोडणी विंडोज एक्सपीतून, मी क्लिक करीन तेव्हाच. नाहीतर भर दिवसा विंडोज आपले अपडेट ओढत बसणार आणि अडीच जीबीतले पैसे माझे जाणार. ‘मामा, तुम्ही शाळेत खडूसुद्धा मोजून देत असाल,’ भाचा म्हणाला. देत होतो.

१९ जुलै, गुरुवार

काल छान चाललं. रात्री पाऊस लागला आणि मोडेमवरचा एडीएसएलचा दिवा लुकलुकायला लागला. तो स्थिर असला म्हणजे मोडेमचं आणि एक्स्चेंजचं जमलं. लुकलुकतोय म्हणजे अजून चाचपडतोय. फोन वाजला की तर हमखास तुटतं.

तक्रार नोंदवली. पलीकडून विचारलं, ‘फोन चालू आहे ना?’ चालू आहे. ‘मग लाइन ओके.’

हे काही खरं नव्हे. बोलण्याला चार किलोहर्ट्झच्या आतली जागा पुरते. एडीएसएल सुरू होतं पंचवीस किलोहर्ट्झच्या आसपास आणि पोचतं मेगाहर्ट्झच्या पलीकडे. तार खराब असली तर आधी वरचा भाग गळतो. खाली ‘हॅलो, काय म्हणताय’ अगदी स्वच्छ ऐकू येत राहतं.

२० जुलै, शुक्रवार

संगणकाच्या दुकानात विचारलं. विंडोज फॉरमॅट करा म्हणाला. आमच्याकडे याहून वेगळं औषध कुणी देत नाही.

२३ जुलै, सोमवार

लाइनमन आला. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, पायात गमबूट. मोडेमकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. ‘सर, वायर आत कुठनं आलीया तेवढं दावा.’ खांबावरच्या डीपीपासून, म्हणजे फोनच्या जोडपेटीपासून, ड्रॉप वायर, ती वळचणीखालून भिंतीवरच्या रोझेटमध्ये. तिथे स्प्लिटर लावलेला, त्यातून एक वायर फोनला, एक मोडेमला. सगळं रीतसर. पण त्याने वायर हाताने चाचपत उलट दिशेने नेली आणि वळचणीखाली थांबला. तिथे एक फाटा फुटला होता: स्वयंपाकघरातला जोडफोन. कुण्या वायरमनने वर्षांपूर्वी तो रोझेटच्या अलीकडेच काढून दिला होता. म्हणजे तो फोन स्प्लिटरच्या कक्षेबाहेर. घंटी वाजवायला एक्स्चेंजकडून पाऊणशे व्होल्टच्या आसपास वीज येते. त्या फाट्यावर मोडेमला वाचवणारं काही नव्हतं.

‘आन् ह्यो जोड बघा.’ चिकटपट्टी सोडली तर आत तांबं हिरवं पडलेलं, पाणी मुरलेलं. त्याने तेवढा तुकडा कापून टाकला, नवीन जोड देऊन वर जेली भरलेली कनेक्टरची टोपी दाबली, स्वयंपाकघराची वायर स्प्लिटरच्या पुढे घेतली. खांबावर चढून डीपीतले स्क्रूही घासले. चहा घेताना म्हणाला, दोन तारांतली एक तुटली तरी कधीकधी नेट चालत राहतं, फोन मात्र मरतो. लोक मग फोनचीच तक्रार करतात. ऑफिसातल्या कुणालाही हे तोंडपाठ असायला हवं, पण ते खांबाखालीच ऐकायला मिळालं.

२४ जुलै, मंगळवार

मोडेमच्या पानावर लाइनचे आकडे दिसतात. गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली जागा, एसएनआर मार्जिन, परवा पाच डेसिबल होती. सहाच्या खाली गेलं की जोडणी भरवशाची नाही. आज सतरा. पाऊस तोच.

२६ जुलै, गुरुवार. आषाढी एकादशी

घड्याळ लावून उठण्याचं वय राहिलं नाही. भाच्याने विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘रासडायल’ची आज्ञा घालून दिली: दोन वाजून पाच मिनिटांनी जोड, आठला पाच कमी असताना तोड. बिलाचं घड्याळ आणि माझं घड्याळ एक असेलच असं नाही, म्हणून दोन्हीकडे पाच मिनिटं सोडली. पानांच्या फाइलींना ओळीने क्रमांक आहेत, त्यामुळे डाउनलोड मॅनेजरला पहिला आणि शेवटचा आकडा दिला की पुरतं.

२८ जुलै, शनिवार

टिफ दिसण्यासाठी अल्टरनाटिफ नावाचा छोटा प्लग-इन टाकला. १८९८ चा पहिला खंड उघडला: वाईला सापडलेले कागद, १७५० ते १७६१, आणि पानिपतावरची ती लांबलचक प्रस्तावना. टाइप बारीक. पडद्यावर दहा पानं वाचली की डोळे चुरचुरतात. जेवताना प्रिंटरचा विषय काढला. हिने आमटी वाढली आणि भाच्याच्या परीक्षेबद्दल विचारलं.